लाल ढाल

मॉनिटर बंद पडला की गिऱ्हाईक फोनवर मोठ्यानं बोलतं. प्रिंटर कागद ओढेना झाला की चिडून बोलतं. स्क्रीनवर व्हायरसची सूचना आली की मात्र आवाज खाली येतो. "भाऊ, जरा घरी येऊन जाता का? नाही, तसं विशेष काही नाही. या तुम्ही, मग सांगतो." सांगली-मिरजेत घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. सीआरटी मॉनिटर गेले, डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप आले, टेलिफोनच्या वायरीऐवजी फायबर आली. हा खालचा आवाज तेवढा आहे तसाच आहे.

त्याचं कारण उघड आहे. व्हायरस लागतो तो 'तसल्या' साइट बघितल्यामुळे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे सूचना दिसली की घरातला पहिला प्रश्न 'हे कसं घालवायचं' हा नसतो, 'कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं' हा असतो. मग ज्याच्यासमोर सूचना आली तो ती दडवतो. दडवताना काहीतरी दाबून बसतो, आणि बहुतेक वेळा खरं नुकसान होतं ते या दाबण्यानं.

२०१० च्या मे महिन्यातलं विश्रामबागेतलं एक घर आठवतं. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, मुलगा डिप्लोमाला. मी पोचलो तेव्हा कीबोर्ड कपाटात कुलपाआड होता आणि मुलगा बाहेर जिन्यात बसला होता. कीबोर्ड मागून घेतला, मशीन चालू केलं. विंडोज एक्सपी उघडल्या उघडल्या घड्याळाशेजारी फुगा आला आणि पाठोपाठ 'सिक्युरिटी टूल' नावाची खिडकी. पट्टी सरकतेय, खाली फायलींची नावं पळताहेत, ट्रोजन, वर्म, स्पायवेअर यांची यादी वाढत चाललीय. शेवटी सगळं साफ करण्याचं एक बटण, आणि ते दाबलं की पैसे मागणारं पान.

"बघा," दिवाणजी म्हणाले, "काय काय बघितलंय यानं, देव जाणे."

मी नोटपॅड उघडायला गेलो. सूचना आली, नोटपॅडला लागण झाली आहे, चालवता येणार नाही. कॅल्क्युलेटरलाही लागण. पत्त्यांच्या सॉलिटेअरलाही. टास्क मॅनेजर उघडायला गेलो तर त्यालाही, आणि वर असं की हा व्हायरस तुमच्या क्रेडिट कार्डाची माहिती बाहेर पाठवण्याच्या प्रयत्नात आहे. दिवाणजींकडे क्रेडिट कार्डच नव्हतं. पण ते वाचून त्यांचा चेहरा उतरला, आणि मी मात्र निर्धास्त झालो. त्या काळी खरा व्हायरस सहसा आपण आल्याची दवंडी पिटत नसे. तो गुपचूप काम करत असे, शक्यतो वर्षानुवर्षं. जो आल्या आल्या बोंब मारायचा त्याला बहुधा तुमच्या फायलींशी घेणं नसायचं, तुम्हाला घाबरवण्याशी असायचं.

काढण्याचं काम कटकटीचं होतं, पण त्याची एक रीत बसली होती. मशीन चालू होताना एफ-८ दाबायचं, सेफ मोडमध्ये शिरायचं. बरोबर सीडी न्यायची, पेनड्राइव्ह नाही. पेनड्राइव्ह एका घरातून दुसऱ्या घरात रोग न्यायचा. सीडीवर मालवेअरबाइट्स हा साफसफाईचा प्रोग्राम, आणि त्याची ताजी माहिती बीएसएनएलच्या पहाटे दोन ते आठच्या फुकट वेळात उतरवून घेतलेली. हे खोटे अँटिव्हायरस इतके हुशार की खऱ्या साफसफाईच्या प्रोग्रामचं नाव ओळखून तो चालूच होऊ द्यायचे नाहीत. मग त्या फाइलचं नाव बदलून 'एक्सप्लोरर' किंवा 'विनलॉगऑन' ठेवायचं. विंडोजच्या स्वतःच्या फायलींची ही नावं. ती अडवली तर मशीनच बसेल, म्हणून खोटा त्यांना वाट देतो. साफ झाल्यावर ब्राउझरमधली प्रॉक्सी तपासायची आणि होस्ट्स नावाची एक छोटीशी फाइल उघडून बघायची. कित्येकदा तिथे खऱ्या अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते भलतीकडे वळवून ठेवलेले असायचे, म्हणजे माणूस औषध आणायला निघाला तरी दुकानापर्यंत पोचू नये.

साफसफाई चालू असताना दिवाणजी चहाचं सांगायला आत गेले आणि मी मुलाला हाक मारली. काय बघत होतास असं न विचारता 'शेवटची खिडकी कुठली उघडली होती' एवढंच विचारलं. वेस्ट इंडिजमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कप चालू होता, घरात केबल नव्हती, तो फुकट मॅच दाखवणारी साइट शोधत होता. बस, एवढंच. वडील आल्यावर त्यांना एक गोष्ट सांगितली. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटवर बातम्या वाचणाऱ्यांना असलीच खोटी व्हायरसची सूचना दिसली होती. एका नामांकित फोन कंपनीच्या नावानं कुणी तरी जाहिरातीची जागा घेतली, आधी साधी जाहिरात दाखवली आणि मग गुपचूप बदलली.

"म्हणजे पेपर वाचतानापण?" दिवाणजींनी विचारलं.

"पेपर वाचतानापण."

कीबोर्ड परत कपाटात गेला नाही. न्यूयॉर्क टाइम्सचा हा किस्सा पुढे मी किती घरांत सांगितला असेल त्याला गणती नाही. माझ्या पिशवीतल्या कुठल्याही सीडीपेक्षा त्यानं जास्त घरं शांत केली.

खरं म्हणजे त्या काळात बऱ्याच वेळा मशीनमध्ये काहीच शिरलेलं नसायचं. नुसतं एक वेबपान उघडलेलं असायचं आणि त्यात स्कॅनिंगचं चलच्चित्र. मी घरी विंडोजऐवजी उबंटू वापरत होतो. त्यावर मुद्दाम असलं एक पान उघडलं, तर त्यानं एक्सपीच्या निळ्या रंगात 'माय कॉम्प्युटर' दाखवून सी ड्राइव्हमध्ये ट्रोजन सापडल्याचं जाहीर केलं. उबंटूमध्ये सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते. वेबपानाला तुमच्या हार्ड डिस्कमधल्या फायली अशा आपल्या आपण तपासता येत नाहीत, ही गोष्ट लोकांना नीट कळली असती तर निम्मा धंदा तिथेच बसला असता.

हा धंदा होता आणि तो कुणा एकट्या पोरानं अंधाऱ्या खोलीत बसून चालवलेला नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाच्या कंपनीवर आणि तिच्या साथीदारांवर दावा लावला. या मंडळींनी दहा लाखांहून जास्त ग्राहकांना खोटी स्कॅनिंग दाखवून विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, एक्सपी अँटिव्हायरस असली सॉफ्टवेअरं विकल्याचा आरोप होता. कंपनीचं काम युक्रेनच्या कीव्ह शहरातून चाले. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला अमेरिकेत ओहायो राज्यात कॉल सेंटरसुद्धा होतं! २०१२ मध्ये कोर्टानं त्यातल्या एका बाईंना १६ कोटी ३० लाख डॉलर भरायला लावणारा निकाल दिला. आकडा वाचून मी थक्क झालो होतो. त्या वेळी घरी जाऊन एक मशीन साफ करायचे मी दोनशे-अडीचशे रुपये घेत होतो, आणि तेही काही जण 'पुढच्या खेपेला एकदम देऊ' म्हणायचे.

एका बाबतीत आपण तेव्हा वाचलो, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांकडे क्रेडिट कार्ड होतं, आणि असलेल्यांना ते इंटरनेटवर वापरायची धास्ती होती. भीती आमच्यापर्यंत पोचली, पण गल्ला पोचला नाही. आता फोनवरून पैसे पाठवायला दहा सेकंद लागत नाहीत. तो गल्लाही घरात आला.

२०११ मध्ये याच धंद्यातल्या लोकांनी एक नवा डाव काढला, आणि मला विचाराल तर सगळ्यांत निर्दयी तो. व्हायरसचं नावच घ्यायचं नाही. हार्ड डिस्क खराब झाली आहे असं सांगायचं. 'विंडोज रिकव्हरी', 'सिस्टिम फिक्स' अशी सभ्य नावं. आणि ते खरं वाटावं म्हणून डेस्कटॉप कोरा, माय डॉक्युमेंट्स कोरं, स्टार्ट मेनू कोरा.

मिरजेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी मी हे पहिल्यांदा पाहिलं. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या मशीनवर होते. फोटोवाल्यानं दिलेली सीडी ओरखडे पडून वाया गेलेली. बाई रडत नव्हत्या, पण हातातल्या पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. आधी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्यानं पाहून 'हार्ड डिस्क गेली, नवी टाकावी लागेल' असं सांगितलं होतं. मी डिस्कवर उजवं बटण दाबून किती जागा भरली आहे ते पाहिलं. फोल्डर रिकामी दिसत होती, पण भरलेली जागा जिथल्या तिथे होती. म्हणजे माल घरातच होता, वर नुसती चादर टाकलेली.

या खोट्या प्रोग्रामनं एकही फाइल पुसलेली नसते. प्रत्येक फाइलला तो 'लपलेली' अशी खूण करतो. काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब' नावाची जुनी आज्ञा द्यायची, लपवण्याची खूण काढ आणि खालच्या सगळ्या फोल्डरांत काढ, एवढंच सांगायचं. काही मिनिटं काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला. मग मी फोल्डर पुन्हा उघडलं आणि हळदीच्या पिवळ्या रंगातले छोटे छोटे चौकोन एकेक करून भरायला लागले. बाई म्हणाल्या, "थांबा, हा चष्मा पुसते."

त्याच प्रकारात एक खोच होती, ती धंद्यातल्या लोकांसाठी लिहून ठेवतो. स्टार्ट मेनूतले शॉर्टकट हा प्रोग्राम लपवत नसे, उचलून टेम्प फोल्डरमधल्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवत असे. आणि आपल्याकडच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो? टेम्प साफ करायला. म्हणजे चोरानं माळ्यावर ठेवलेला माल घरच्यांनीच भंगारात घालायचा. आधी बघावं, मग पुसावं. हे लिहितोय कारण मधल्या काळात 'फॉरमॅट मारून टाकू' हा आमच्या व्यवसायातला मंत्र झाला होता. फॉरमॅटला डोकं लागत नाही, वेळ ठरलेला आणि पैसे जास्त. काही वेळा त्याला इलाज नसतो, हे खरं. पण एका वेबपानातल्या खोट्या चित्रासाठी अख्खं मशीन पुसून हजार रुपये घेणारे मी पाहिले आहेत. तेही भीतीवरच जगत होते, फक्त ते सांगलीचे होते.

आता थोडं खऱ्या सूचनांबद्दल. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्यात सिक्युरिटी सेंटर होतं: घड्याळाशेजारी लाल ढाल आणि तिच्यातून निघणारा फुगा, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात असू शकतो'. हेतू चांगला होता. पण लाल ढाल दिसली की काहीतरी दाबायचं असतं, ही सवय कोट्यवधी लोकांना लागली ती तेव्हापासून. खोट्यांनी नवीन काही शोधलं नाही, तीच ढाल आणि तोच फुगा उचलला. पुढे नव्या लॅपटॉपबरोबर महिनाभराचे फुकट अँटिव्हायरस येऊ लागले. महिना संपत आला की त्यांच्या खिडक्या उघडायच्या: दिवस उरले तीन, दिवस उरले दोन, तुम्ही असुरक्षित आहात, आत्ताच नूतनीकरण करा. ही कायदेशीर कंपन्यांची भाषा. त्यातल्या एखाद्या खिडकीशेजारी खोटी खिडकी ठेवली तर सही-शिक्क्याखेरीज फरक सांगता येणार नाही. आमची गिऱ्हाइकं भोळी होती म्हणून फसली, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. दिवसातून चार वेळा 'लाल दिसलं की ऐका' हे त्यांना शिकवलं कुणी?

याची दुसरी बाजूही पाहिली. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं आणि त्या मशीनवर पूर्ण पडदाभर निळी सूचना दाखवायला सुरुवात केली. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा सकाळी फोन आला. आवाज अजिबात खाली नव्हता, उलट अभिमानाचा होता. "आला होता बरं का तो तुमचा खोटा मेसेज. सगळा स्क्रीन भरून! मी सरळ प्लग काढला." त्यांना समजवायला मला अर्धा तास लागला की काका, हा खरा होता. ते शेवटपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

हल्ली मशीनमध्ये शिरणारे खोटे अँटिव्हायरस फारसे दिसत नाहीत. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच असतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे, हे माझं मत. पण सूचना थांबल्या नाहीत. त्यांनी शिरायचं सोडलं आणि परवानगी मागायला सुरुवात केली. दहावीच्या निकालाच्या दिवशी मंडळाची साइट दमलेली असते, लोक दिसेल त्या दुव्यावर जातात. कुणी जुन्या कादंबरीची पीडीएफ शोधतो, कुणी लग्नपत्रिकेसाठी फुकट मराठी फॉन्ट. एक पान उघडतं आणि म्हणतं, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला 'अलाऊ' दाबा. माणूस दाबतो. खरं तर त्यानं त्या साइटला आयुष्यभर सूचना पाठवायची मुभा दिलेली असते. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नामांकित अँटिव्हायरसच्या चिन्हासकट इशारे सुरू होतात: पाच व्हायरस सापडले, सदस्यत्व संपलं, आत्ता दाबा.

याला व्हायरस म्हणायचंच नाही. कितीही अँटिव्हायरस फिरवा, सापडणार काही नाही, कारण मशीनमध्ये काही नाहीच. त्या इशाऱ्याच्या कडेला बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि कुठल्या तरी भलत्याच साइटचा पत्ता असतो. तो वाचला की सोंग उघडं पडतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. अनोळखी नाव दिसलं की काढून टाकायचं. मोबाइलवरही तेच. या कामाला मी पैसे घेत नाही. फोनवर सांगून होतं.

पडदाभर पसरणारी, भोंगा वाजवणारी आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा' असं बजावणारी पानं हा वेगळा प्रकार, आणि धोका खरा तिथे आहे. पान स्वतः काही करत नाही. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीच सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर तो 'आधीची पानं उघडू का' विचारेल, त्याला नाही म्हणा. संपलं. धोका त्या फोन नंबरात आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनंच सांगून ठेवलं आहे.

फोनच्या पलीकडे काय होतं ते मला कुपवाडच्या एका पोरानं सांगितलं. एमएस-सीआयटी करून तो पुण्याला 'इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेस'मध्ये लागला आणि काही आठवड्यांत परत आला. "दादा, टेक्निकल काहीच शिकवलं नाही ओ. नुसतं एक पान पाठ करायला दिलं." पलीकडच्या अमेरिकन म्हाताऱ्याकडून विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून घ्यायचा. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दिसते. धडधाकट मशीनवरही ती असते, कारण विंडोज आपल्या बारीकसारीक कुरबुरी तिथे टिपून ठेवतं. म्हाताऱ्याला सांगायचं, हे सगळे व्हायरस. मग काळ्या खिडकीत 'असॉक' असं टाइप करायला लावायचं. शेवटी ८८८ ने सुरू होणारा एक लांब क्रमांक येतो. आपण तो आधीच वाचून दाखवायचा: हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, बघा, आम्हाला माहीत आहे की नाही! तो क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो. झिप फाइलशी संबंधित एक आतली खूण आहे ती. त्या पोरानं मला विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "पण दादा, त्या लाल खुणा खरंच व्हायरस नसतात?" त्यालाही माहीत नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२' या नावानं देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या नावानं परदेशी लोकांना गंडवणारी कॉल सेंटरं त्यात होती. आपली पोरं परक्यांना घाबरवतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पेपरात वाचलं. ती आपल्यांनाही घाबरवतात, हे मला माझ्या कामाच्या वहीतून माहीत आहे.

मिरजेतले एक सत्तरीचे गृहस्थ प्रिंटरचा ड्रायव्हर शोधत होते. शोधाच्या निकालात वर आलेली साइट कंपनीची नव्हती. ड्रायव्हर बसता बसता 'त्रुटी' आली, खाली मदतीचा क्रमांक. पलीकडचा माणूस नम्र, हिंदी गोड. त्यानं दुरून मशीन हाताळू देणारं एनीडेस्क उतरवायला लावलं, मशीनमध्ये शिरला, लाल खुणा दाखवल्या आणि तीन वर्षांच्या 'संरक्षणा'चे पैसे मोबाइलवरून घेतले. फसवणूक त्यांच्या त्याच संध्याकाळी लक्षात आली. पण बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, मला फोन केला तोही पुढच्या आठवड्यात, आणि तोही प्रिंटरचं निमित्त करून. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा सरकारी क्रमांक त्याच संध्याकाळी फिरवला असता तर पैसे मधल्या एखाद्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता होती. आठवड्यानंतर तक्रार नोंदवली, सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरही टाकली. पैसे परत आले नाहीत.

मशीन मी अर्ध्या तासात साफ केलं. एनीडेस्क काढलं, पासवर्ड बदलायला लावले, बँकेला कळवायला लावलं. उरलेला वेळ ते एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलत होते: मी शिकलेला माणूस, मी कसा फसलो. मी त्यांना न्यूयॉर्क टाइम्सची गोष्ट सांगितली. ती अजून चालते.

हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचे आईवडील गावाकडे असतील आणि त्यांच्या हातात तुम्हीच घेऊन दिलेला लॅपटॉप किंवा फोन असेल. पुढच्या वेळी घरी गेलात की त्यांच्या क्रोममधली नोटिफिकेशनची यादी उघडून साफ करा, १९३० हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये नावानिशी साठवून द्या, आणि सूचनेत फोन नंबर दिसला की ती खोटी, एवढं एकच वाक्य त्यांना सांगा. यादीत भलतीसलती साइट सापडेल. ती तिथे कशी आली हे विचारू नका. विचारलंत, तर पुढच्या वेळी ते तुम्हाला फोन करणार नाहीत. स्क्रीनवरच्या नंबराला करतील.